रिकामा काटा

माझ्याकडे काम एवढंच होतं. रोज सकाळी साडेआठला तिसऱ्या मजल्यावर जायचं, काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, नातीचं वजन ऐकायचं आणि तो आकडा खाली पहिल्या मजल्यावर मुलीला जाऊन सांगायचा. बाकी दिवसभर मी कुणाच्या उपयोगाचा नव्हतो.

मुलीचे दिवस भरायला दोन महिने बाकी असताना अचानक ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. मुलीचे टाके चिघळले, ताप उतरेना, उभं राहिलं की घेरी यायची. जावई जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. पुढचं बंदर यायला तीन आठवडे होते, त्याआधी उतरणार कुठे? त्याचे आईवडील थकलेले, ते फोनवर रडायचे आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागायची. राहता राहिलो मी. आमची ही जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. जो तो म्हणायचा, "आज त्या असत्या तर." मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

नात तेराशे दहा ग्रॅमची होती. पहिल्या दिवशी काचेच्या पेटीत मी तिला बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही तर छटाकभर आहे." तिथल्या मोठ्या सिस्टरनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव छटाक पडलं. पेटीवरच्या चिठ्ठीवर फक्त आईचं नाव असतं, त्यामुळे हाक मारायला काहीतरी हवंच होतं.

मी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. किराणा दुकानातले, सोनाराचे, भंगारवाल्यांचे, गोदामातले, सगळे. ही माझ्याबरोबर दुकानात बसायची. लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरून ते बरोबर करायचं काम तिचं. माझ्यापेक्षा तिचा हात पक्का होता. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की छटाकच्या वजनाचं मला काय वाटत होतं ते कळावं. जन्मभर दुसऱ्यांच्या मालाचे आकडे बघितले, पण कुठल्या आकड्यासाठी रात्र जागून काढली नव्हती.

पहिल्या आठवड्यात वजन उतरून बाराशे चाळीसवर आलं. अशी बाळं आधी उतरतात, मग चढतात, असं डॉक्टर म्हणाले. छटाक उतरली आणि तिथेच बसली. बाराशे चाळीस, बाराशे त्रेचाळीस, बाराशे अडतीस, परत बाराशे चाळीस. नऊ दिवस. मी जिना उतरताना ठरवायचो की आज थोडं बरं तोंड करून सांगू. पण मुलगी माझं तोंड बघतच नसे, माझे पाय बघायची. नंतर तिनेच सांगितलं. वजन वाढलं असतं तर तुम्ही पायऱ्या भरभर उतरला असता, म्हणे.

"किती?"

"बाराशे चाळीस."

"काल?"

"कालही तेवढंच."

मग ती भिंतीकडे तोंड करायची. ताट तसंच राहायचं. छातीला दूध यायचं ते कमी कमी होत चाललं होतं. ती ते वाटीत काढून द्यायची आणि त्यातलं नळीने छटाकला जायचं, तीन तासांनी एकदा, चमच्याने मोजून. ती वाटीही भरेना. मुलगी म्हणायची, "तिच्या अंगी लागत नाही कारण माझं दूधच वाईट आहे." नर्स म्हणायच्या असं काही नसतं. मीही म्हणायचो. पण ती आमचं ऐकायची नाही, आकड्याचं ऐकायची.

नवव्या दिवशी बाळांचे डॉक्टर म्हणाले, "हृदयाचे डॉक्टर गुरुवारी येतात, दुपारपर्यंत असतात. वजन असंच राहिलं तर त्यांना दाखवू. कधीकधी अशा बाळांच्या हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर मिटायची ती मिटत नाही. मग बाळ दमतं आणि दूध अंगी लागत नाही."

मुलीने एवढंच ऐकलं, हृदय. त्या दिवशी तिने पाणीसुद्धा धड घेतलं नाही.

मंगळवारी वजन निघालं बाराशे अठ्ठ्याण्णव.

"सिस्टर, परत बघा."

"काका, दोनदा बघितलं. अठ्ठावन्न वाढले. जा पळा खाली."

मी खरंच पळालो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या. मुलीने ऐकलं आणि ती एकदम मोठ्याने रडायला लागली. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली. तिला वाटलं काही वाईट झालं. मग कळल्यावर ती हसायला लागली, मुलगीही हसायला लागली, टाक्यांना हात लावून "आई गं, हसवू नका" म्हणत हसत राहिली. दुपारी तिने सगळं जेवण संपवलं. संध्याकाळी केस विंचरून मागितले. तिच्या आईने विंचरले असते तसे मला कुठे जमणार, मी आपला भांग पाडून दिला. वाकडाच पडला.

"बाबा, हा रस्ता कुठे चाललाय?"

"जिथे पोचायचं तिथे पोचेल. गप्प बस."

बुधवारी तेराशे दोन. चारच वाढले होते, पण वाढले होते. डॉक्टर म्हणाले, "आता उद्या हृदयाच्या डॉक्टरांना थांबवायला नको. पुढच्या गुरुवारी बघू." मुलीने जावयाला फोन लावला. तिकडून इंजिनाचा आवाज येत होता. ती ओरडून सांगत होती, "तेराशे दोन! नाही, दोन! डॉक्टर म्हणाले टेस्ट नको!" बुधवारी वाटी काठोकाठ भरली.

गुरुवारी सकाळी मी वर गेलो तेव्हा वजन करून झालं होतं. तेराशे पाच. सिस्टर छटाकला कापडासकट उचलून पेटीत ठेवत होत्या. तिथे उघड्या अंगाने वजन करत नाहीत, बाळ गार पडतं. कापडात गुंडाळूनच ठेवतात. कापडाचं वजन काट्यात आधीच वजा करून ठेवलेलं असतं, म्हणजे बाळ कापडासकट ठेवलं की निव्वळ बाळाचा आकडा दिसतो. पद्धत चांगली आहे. मी सोनारांना हीच शिकवली आहे, डबीसाठी.

काटा रिकामा होता. माझी नजर सवयीने त्याच्यावर गेली. आमच्या धंद्यात माल कुणी बघत नाही, आधी रिकामा काटा बघतात. पडद्यावर आकडा होता उणे बेचाळीस. म्हणजे बेचाळीस ग्रॅमचं कापड वजा करून ठेवलं होतं. बरोबर. मग सिस्टरनी छटाकचं कालचं कापड धुवायच्या पिशवीत टाकायला माझ्या हातात दिलं. त्यांचे हात भरलेले होते.

कापड हातात आलं आणि मला कळलं. सोमवारपर्यंतची कापडं धुऊन धुऊन विरलेली होती, पलीकडचं दिसेल अशी. हे जाड होतं, टॉवेलसारखं, नवं. माझा हात चाळीस वर्षं वजनं उचलतोय. हे बेचाळीस नव्हतं. हे शंभर होतं. एखादा ग्रॅम इकडे तिकडे.

शंभरातून बेचाळीस गेले, अठ्ठावन्न.

मी ते कापड पिशवीत टाकलं. "बरं आहे सिस्टर," म्हणालो आणि बाहेर आलो.

बाहेरच्या बाकावर बेकरीवाला बसला होता. त्याची जुळी मुलं छटाकच्या शेजारच्या पेटीत होती. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या बेकरीतला काटा दुरुस्त केला होता, आणि तो मला भेटेल तेव्हा त्यावरून टोमणा मारायचा.

"काय काटेवाले, आज किती?"

"तेराशे पाच."

"माझ्या दोघांनीही मंगळवारी पन्नास-पन्नासच्या वर उडी मारली. हवा बदललेली दिसते वरची. बघा, माझा काटा गिऱ्हाईकाला थोडं जास्त द्यायचा, तुम्ही तो खरा केलात आणि माझं गिऱ्हाईक पळालं. आता देवानेच भरपाई दिली."

मी त्याच्या शेजारी बसलो. मला वाटलं ह्याला सांगावं. सांगितलं नाही. आडवळणाने विचारलं, "समज, तो काटा मी खरा केलाच नसता तर?"

"तर काय? गिऱ्हाईक खूश होतं, मी खूश होतो. तुम्हालाच झोप लागली नसती. काका, बरं नाही का वाटत? चेहरा उतरलाय."

"जिना चढून आलो ना."

मी जिन्यावर येऊन थांबलो. मधल्या मजल्यावर एक खिडकी आहे, तिथे लोक फोनवर बोलायला उभे राहतात. तिथे उभा राहिलो. फोन कुणाला करणार होतो? जिला विचारायचं ती नव्हती.

आता हिचं सांगायला हवं. आजारपणात हिचं वजन दर आठवड्याला बघायचं होतं आणि डॉक्टरांना फोनवर कळवायचं होतं. कमी व्हायला लागलं की औषध बदलायचं, असं ठरलं होतं. घरात उभं राहून वजन करायचा काटा होता, माझ्याच दुकानातला. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरली, तेव्हा ही आरशात बघून म्हणाली, "मी चालले बहुतेक." तिला तसं बोललेलं मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी ती झोपली असताना मी काट्याच्या खालचं चाक थोडं फिरवलं. दोन किलो. पुढच्या दोन्ही महिन्यांत आणखी दोन-दोन. ती काट्यावर उभी राहायची, आकडा बघायची आणि म्हणायची, "टिकलंय की हो." मी म्हणायचो, "टिकणारच." दोन घास जास्त खायची. डॉक्टरांना तोच आकडा जायचा. मी मनाशी म्हणायचो, आकडा खोटा आहे पण घास खरे आहेत.

मग एकदा दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या काट्याने सहा किलो कमी दाखवले. डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले. ही माझ्याकडे बघत राहिली. जन्म माझ्याबरोबर काढलेली बाई, तिला काय सांगायला लागतंय? डॉक्टरांसमोर काही बोलली नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे सरळ केलेत. घरचा वाकडा केलात."

"तुला बरं वाटावं म्हणून गं."

"बरं वाटलं की. पण माझं वजन मला माहीत नसावं, हे काय?"

औषध बदललं, पण उशीर झाला होता. आधी बदललं असतं तर काही झालं असतं का, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसानंतर ही माझ्याशी चांगलीच वागली. पण काट्यावर उभी राहायची ती मी खोलीत नसताना.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या खिडकीत दोन-अडीच तास काढून मी खाली गेलो. पोरगी उशीला टेकून बसली होती, शेजारच्या बाईला टोपडं कसं विणायचं ते विचारत होती. मला बघून आज उशीर कसा म्हणत हात पुढे केला.

"किती?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तेराशे पाच."

"तीन दिवस ओळीने! बाबा, तुम्हाला माहितीये मी काय ठरवलंय? आता घाबरायचं नाही. हृदयबिदय काही नाही. उगाच तिला त्या यंत्राखाली घातलं असतं. वाचली बाई."

"हं."

"हं काय? हसा की जरा. आजोबा झालात."

मी हसलो. ती परत त्या बाईशी बोलायला लागली. केसांत माझा तो वाकडा भांग तसाच होता. आणि मला दिसलं की मी परत चाक फिरवून आलो आहे. काट्याला हातही न लावता. भिंतीवर घड्याळात सव्वाअकरा झाले होते. हृदयाचे डॉक्टर दुपारपर्यंत असणार, मग सात दिवस नाही. सात दिवस छटाक दमत राहणार, आणि आम्ही खाली टोपडी विणणार.

"कुठे निघालात?"

"वर चष्मा राहिला."

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तिचं लक्ष नव्हतं.

मोठ्या सिस्टर टेबलावर काहीतरी लिहीत होत्या. मी काचेवर टकटक केली. त्या बाहेर आल्या.

"काका, आता भेटायची वेळ नाही."

"सिस्टर, कापडं बदलली का?"

"कसली कापडं?"

"गुंडाळायची."

"मंगळवारी नवा गठ्ठा आला धुलाईतून. का? पुरळबिरळ उठलं का?"

"जाड आहेत. काट्यात जुन्याचं वजन वजा आहे. नवं साठेक ग्रॅमनं जास्त आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काका, मी इथे सोळा वर्षं आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही काय हातात घेऊन वजन सांगता?"

"धंदाच तो आहे माझा. चुकलो तर दोन शिव्या घाला. एकदा नुसतं कापड ठेवून बघा."

त्या आत गेल्या. मी काचेतून बघत होतो. त्यांनी गठ्ठ्यातलं एक कापड घेतलं, घडी करून काट्यावर ठेवलं. पाठ माझ्याकडे होती, आकडा मला दिसला नाही. पण त्यांचे खांदे दिसले. त्यांनी ते कापड उचललं, दुसरं ठेवलं. मग तिसरं.

मी उभ्या आयुष्यात प्रार्थना केली नसेल अशी त्या दोन मिनिटांत केली, की माझा हात चुकलेला असू दे. म्हातारा झालोय, चुकू दे.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "अठ्ठावन्न," म्हणाल्या. "सगळ्यांचंच चुकलंय. बाराही पेट्या." आणि मग फोनकडे धावल्या. फोनवर त्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांचं विचारलं, ते निघाले का, गाडीपर्यंत पोचले का, थांबवा त्यांना.

बेकरीवाल्याने बाकावरून सगळं ऐकलं होतं. तो उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं आता हा मारतो.

"म्हणजे माझी दोघं वाढलीच नाहीत?"

"थोडी वाढली असतील. तीन-चार ग्रॅम."

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं. म्हणून तसं विचारत होता."

"हो."

तो बाकावर जाऊन बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून डुलायला लागला. त्याच्या बायकोला खाली हे कोण सांगणार होतं, तोच ना. मी त्याच्या शेजारी बसावं असं मला वाटलं, पण माझी हिंमत झाली नाही.

हृदयाचे डॉक्टर गाडीतून परत आले. तासाभराने मला आत बोलावलं. छटाकच्या हृदयाजवळची ती नळी उघडीच होती. लहान नाही, बऱ्यापैकी मोठी. औषधाचे तीन डोस द्यायचे, दिवसाला एक. पुष्कळ बाळांची नळी त्याने मिटते.

"आणि नाही मिटली तर?"

"मग पुढचा विचार करू. शस्त्रक्रिया असते. पण ती इथे होत नाही, आणि ह्या वजनावर..." ते थांबले. "आधी औषध बघू."

"किती जणांची मिटते?"

"काका, आकड्यात नका अडकू."

मला हसू आलं. मला आकड्यात अडकू नका म्हणणारा पहिलाच माणूस.

मुलीला सांगायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले मी येऊन सांगतो. मी म्हणालो, नको, मी सांगतो. पायऱ्या उतरताना पाय इतके जड झाले होते की कठड्याला धरून उतरलो. ती दाराकडेच बघत होती. तिने पाय बघितले असणार, कारण मी खाटेपाशी पोचायच्या आत तिच्या हातातली सुई खाली पडली.

मी सगळं सांगितलं. कापड, अठ्ठावन्न, नळी, तीन डोस. शेजारची बाई उठून हळूच बाहेर गेली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. साडेआठला."

"आणि मला सांगितलंत तेराशे पाच."

"हो."

"मी हसत होते. तुम्ही बघत होतात."

"हो."

"का?"

आता इथे मी काहीही बोललो असतो. डोकं चाललं नाही म्हणालो असतो, खात्री करायची होती म्हणालो असतो. त्याऐवजी मी तिला घरच्या काट्याचं सांगितलं. चाकाचं, दोन-दोन किलोचं, बसमधलं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, पांघरुणाच्या कडेकडे बघत सांगितलं.

"आईने मला कधी नाही सांगितलं."

"नसेलच सांगितलं."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "बाबा, जा. मला आता तुमच्याकडे बघवत नाहीये."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. संध्याकाळी नर्स वाटी घेऊन बाहेर आली, वाटी कोरडी होती. दूध आलंच नाही म्हणाली, धक्का बसला की असं होतं. वर छटाकला पहिला डोस गेला होता आणि औषध चालू असताना तसंही दूध थोडंच द्यायचं होतं, असं म्हणून तिने माझी समजूत घातली. मी मान हलवली. मी काय करू शकत होतो? नळी मला मिटवता येत नव्हती. दूध मला आणता येत नव्हतं. एक खरं बोललो होतो, त्याने बारा घरांत अंधार केला होता आणि माझी मुलगी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. त्या बाकावर मला ही इतकी आठवली, की शेजारून जाणाऱ्या सफाईवाल्या मावशी थांबून विचारून गेल्या, "पाणी देऊ का?"

शुक्रवारी सकाळी वर गेलो. काटा आता नीट केला होता. सिस्टर माझ्याशी जास्त बोलल्या नाहीत, पण वजन होत असताना मला काट्याला लागून उभं राहू दिलं. बाराशे एकतीस. सोळा उतरले होते. औषध चालू आहे तोवर दूध कमी देतात, एक-दोन दिवस असं होणार, सिस्टर म्हणाल्या. छटाकची छाती भराभरा वरखाली होत होती. मी तिला बोट लावलं, पायाच्या अंगठ्याला. त्यांनी लावू दिलं. तिने पाय ओढून घेतला.

खाली गेलो. दारातच थांबलो.

"येऊ?"

"किती?" ती म्हणाली. डोळे सुजले होते.

"बाराशे एकतीस."

"उतरलं."

"सोळाने. औषधाने उतरतं म्हणतात. खरंच त्यानेच उतरलं की नाही, ते मला माहीत नाही."

तिने मान हलवली. मला वाटलं आता भिंतीकडे तोंड करेल. तिने उशाखालचा फोन काढला आणि जावयाला लावला. लागायला वेळ लागला. "ऐक," म्हणाली, "मंगळवारपासूनचं सगळं चुकीचं होतं. वजन वाढलं नव्हतं. आज बाराशे एकतीस आहे. हृदयाजवळ नळी उघडी आहे, औषध चालू झालंय, तीनातला एक डोस झाला. मिटेल की नाही सांगता येत नाही." तिकडे तो काहीतरी बोलत होता. "नाही," ती म्हणाली, "मी रडत नाहीये. रडून झालं. तू रड हवं तर. मग तोंड धुऊन कामाला जा." फोन ठेवला.

मी अजून उभाच होतो.

"बाबा, तुम्हाला भीती वाटतेय?"

"खूप."

"मला पण." तिने पांघरूण जरा सरकवलं. "बसा. उभे काय राहिलात पाहुण्यासारखे."

मी खाटेच्या कडेला बसलो. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने नर्सला हाक मारून वाटी मागितली, आणि मला तोंड पलीकडे करायला सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं. मागून तिचा श्वास ऐकू येत होता, दुखल्यासारखा, थांबून थांबून. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

"झालं तेवढं झालं," ती म्हणाली.

मी वळलो. वाटीच्या तळाशी दोन चमचे दूध होतं. जेमतेम.

"एवढंसंच आलं. घेतील का ते?"

"घेतील की. तीन तासांना तेवढंच द्यायचंय सध्या."

"मग तुम्हीच घेऊन जा. नर्स कधी येईल कुणास ठाऊक, गार होईल." तिने वाटीवर स्वच्छ झाकणी ठेवली आणि माझ्या दोन्ही हातांत दिली. "आणि लिफ्टने जा. जिन्यावर तुमचे पाय लटपटतात, बघतेय मी."

लिफ्टपाशी गर्दी होती. वाट बघवेना. मी जिन्यानेच निघालो, एकेक पायरी, वाटी छातीशी धरून. मधल्या मजल्यावर बेकरीवाला खिडकीत उभा होता. त्याने माझ्या हातातली वाटी बघितली आणि काही न विचारता माझ्यापुढे चालायला लागला, वरून येणाऱ्यांना बाजूला करत. "सरका जरा, सरका," म्हणत.